वन्यजीव क्षेत्रात आलेली नवी मुलं वर्षभरही का टिकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताडोब्याच्या बफरलगत (व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीचा पट्टा) काम करणारी एक छोटी संस्था. दरवर्षी बी.एस्सी., एम.एस्सी. झालेली तीन-चार मुलं-मुली मोठ्या उत्साहाने येतात आणि सहा-आठ महिन्यांत निघून जातात. जवळच्या महाविद्यालयातून उन्हाळी प्रकल्पासाठी विद्यार्थी येतात, त्यांच्याही हाती शेवटी काही लागत नाही. अशांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'आजकालच्या पोरांत ती तळमळ नाही' हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, पण बहुतेक वेळा खोटं आहे. तळमळ नसलेला मुलगा मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पाणवठ्यांच्या नोंदी घ्यायला येतच नाही. मुलं जातात ती साध्या कारणांनी. महिन्याला किती मिळणार ते ठरलेलं नसतं, राहायची सोय धड नसते, काही झालं तर कोणाला फोन करायचा ते माहीत नसतं, आणि वर्षभर राबून स्वतःच्या नावावर काय राहिलं हे घरी सांगता येत नाही. या चार गोष्टींची उत्तरं रुजू होण्याआधी एका कागदावर लिहून द्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. कागद एक पानाचा पुरे.

सुरुवात पैशापासून. सरकारी निधीवरच्या संशोधन प्रकल्पांत जेआरएफला (कनिष्ठ संशोधन सहायकाला) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. छोट्या संस्थेला तेवढं झेपणार नाही, हे नवख्यालाही कळतं. पण मानधन कमी असणं वेगळं आणि मुलाने स्वतःच्या खिशातून संस्था चालवणं वेगळं. हिशेब करून पाहा. दुचाकीवर रोज ६० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १,३२० किलोमीटर. लिटरला ४५ चा ॲव्हरेज धरला तरी २९ लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. त्यात टायर, ऑइल, पंक्चर वेगळं. दहा हजार मानधनातून हे त्यानेच भरायचं असेल तर खोलीभाडं आणि मेस भागवून हातात काय उरणार? पेट्रोल, मोबाइल रिचार्ज, बॅटरी-सेल, झेरॉक्स हा संस्थेचा खर्च आहे. तो मानधनात मिसळू नका, दर किलोमीटरमागे किती देणार ते ठरवून वेगळा द्या.

चौघांना पाच-पाच हजार देण्यापेक्षा दोघांना दहा-दहा हजार द्या. बिनपगारी इंटर्नशिपचा एक परिणाम कोणी फारसा बोलत नाही: तिथे पुण्या-मुंबईची खाऊनपिऊन सुखी घरची मुलं टिकतात, आणि ज्याला जंगल, भाषा, माणसं सगळं आधीपासून कळतं तो गोंदिया-गडचिरोलीचा मुलगा घरी पैसे पाठवता येत नाहीत म्हणून भरतीच्या अभ्यासाला लागतो. निधीचे हप्ते उशिरा येतात, ते येणारच. म्हणून नवं माणूस घेण्याआधी त्याच्या तीन महिन्यांच्या मानधनाएवढी रक्कम बाजूला असली पाहिजे. नसेल तर त्या वर्षी घेऊ नका.

मुलांना स्वतःच्या नावाने छोटे निधी मागायला शिकवा. रफर्ड फाउंडेशनचे छोटे निधी नवख्यांसाठीच असतात, मोहम्मद बिन झायद निधी विशिष्ट प्रजातींवरच्या कामाला मिळतो, 'आयडिया वाइल्ड' रोख न देता दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) अशी साधनं देते. अर्ज पडतात ते बहुधा बजेटमध्ये. 'प्रवास: ५०,०००' असं लिहिलेलं कोणी मान्य करत नाही, किती फेऱ्या, किती किलोमीटर, कोणत्या दराने हे मांडावं लागतं. इथे एक धोका आहे आणि तो मुलांना कोणी सांगत नाही. परदेशातून आलेला निधी व्यक्तीच्या खात्यात आला तरी त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा लागू होऊ शकतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे वळवता येत नाही. त्यामुळे 'आमच्या खात्यात घ्या, मग त्याला देतो' हा जुना रस्ता बंद आहे. अर्ज पाठवण्याआधी हा कायदा जाणणाऱ्या सीएला विचारा; निधी मंजूर झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता सुरक्षितता. रुजू झालेल्या पहिल्या आठवड्यात मुलांना जंगल दाखवायची घाई करू नका, आधी ही कामं उरका. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण, बँकेत एक फॉर्म. एवढ्यावर थांबू नका, संस्थेच्या नावाने गट अपघात विमाही घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का पाहा. कोणी रेस्क्यूच्या कामात उतरणार असेल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्यायची असते: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी.

सर्पदंशासाठी जवळचं रुग्णालय कोणतं, हे गुगल मॅपवर शोधण्याची गोष्ट नाही. पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारा. सुरुवातीच्या डोसलाच सर्पविषावरच्या औषधाच्या (लोक त्याला 'लस' म्हणतात) आठ-दहा कुप्या लागू शकतात, त्यामुळे 'लस आहे' एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, किती आहेत ते विचारा. मण्यार-नागाच्या दंशात श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर कुठे आहे तेही विचारा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश जाणवतही नाही. कॅम्पवर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काही करायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन किंवा असेल त्या गाडीने थेट दवाखाना.

पूर्व विदर्भात पावसाळ्यात आणि नंतर स्क्रब टायफस असतो. गवतातल्या बारीक माइटच्या अळीमुळे होतो. चार-पाच दिवस ताप उतरला नाही तर मुलाने डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, की मी गवतातून, झुडपांतून फिरतो. अंगावर कुठे काळी खपली आहे का तेही दाखवायचं. नाहीतर मलेरिया-डेंगीच्या तपासण्यांत आठवडा जातो.

वाघाच्या भागात एकट्याने पायी जायचं नाही, अंधारात तर नाहीच. ब्रह्मपुरीकडे मोहफुलं आणि तेंदूपानाच्या हंगामात माणसं भल्या पहाटे जंगलात वाकून बसलेली असतात आणि हल्ले वाढतात, त्या दिवसांत तिथलं सर्वेक्षण उशिरा सुरू करा. बाहेर पडताना कोण, कुठे, किती वाजता परतणार हे कॅम्पवरच्या फळ्यावर लिहायचं. परतायच्या वेळेनंतर एक तासाने शोध सुरू करायचा, तो कोण करणार हेही आधी ठरवायचं.

मुलींच्या बाबतीत दाराला आतून कडी, जवळ संडास आणि रात्री उशिरा आलं तर घ्यायला येणारं वाहन, एवढ्या तीन गोष्टी नसतील तर 'आम्ही मुलींनाही संधी देतो' असं जाहिरातीत लिहू नका. लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकांनाही लागू आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असतील तर अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची. ही माहिती नाव-नंबरासह पहिल्याच दिवशी लेखी द्या. नवख्या मुलीने ती मागावी अशी अपेक्षा करणं चूक आहे, ती मागणार नाही.

परवानगी. निम्मे विद्यार्थी प्रकल्प इथेच बुडतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपूरला. प्राणी पकडणं, कॉलर लावणं असलं काही असेल तर कलम १२ येतं आणि प्रकरण लांबतं. अर्जात उद्देश, पद्धत, नेमकं क्षेत्र, तारखा, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र, वाहनाचा क्रमांक, साधनांची यादी आणि अहवाल कधी देणार हे सगळं हवं. अर्ज अडतो तो ठरावीक कारणांनी: 'संपूर्ण ताडोबा' असं क्षेत्र लिहिलेलं असतं, मार्गदर्शकाचं पत्र जोडलेलं नसतं, किंवा पद्धत अशी असते की ती कोअरमध्येच का करायची हे कळत नाही. तीन ते सहा महिने धरून चाला. एप्रिल-मेमध्ये काम करायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमाराला गेला पाहिजे. प्रादेशिक वनविभागाच्या जंगलातही उपवनसंरक्षकांना लेखी कळवून परवानगी घ्या; आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) तोंडी 'जा' म्हणाले आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली, की मुलगा गेटवर उभा.

म्हणूनच दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रकल्पासाठी संरक्षित क्षेत्राबाहेरचा विषय घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांना वाघांची घनता काढायची असते. दोन महिन्यांत, दोन माणसांत ती निघत नाही. ट्रान्सेक्टवर (आधी आखलेल्या सरळ रेषेवर) चालून चितळांची घनता काढायलाही निदान ६० ते ८० कळपांच्या नोंदी लागतात. बफरात तेवढे कळप दिसेपर्यंत सुट्टी संपते. त्यापेक्षा रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी केलेलं शेतातलं नुकसान, गावतळ्यावरचे पक्षी किंवा रस्त्यावर मरणारे प्राणी घ्या. या शेवटच्या विषयाची आखणी सविस्तर देतो, कारण नवखी जोडी तो खरोखर तडीस नेऊ शकते.

जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचा २० किलोमीटरचा एकच पट्टा ठरवा. सूर्योदयानंतर अर्ध्या तासात निघा; नंतर कावळे आणि कुत्री उचलतात, उरलेलं ट्रक सपाट करतात. दुचाकीवर दोघं, वेग २० ते ३० च्या आत, अंगात चमकणारं जॅकेट. चालवणारा फक्त चालवेल, नोंद मागचा घेईल. आठवड्यातून तीन फेऱ्या, आठ आठवडे, म्हणजे २४ फेऱ्या होतात. प्रत्येक नोंदीत वेळ, जीपीएस, प्रजाती, रस्त्याची कोणती बाजू, दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत काय आहे (शेत, जंगल, वस्ती), आणि १०० मीटरच्या आत मोरी किंवा नाला आहे का. फोटोत मापासाठी पट्टी ठेवा. काहीच सापडलं नाही त्या फेरीचीही नोंद 'शून्य' म्हणून हवी. बहुतेक मुलं ती गाळतात आणि मग सरासरी फुगते. नोंद झालेल्या जागी रस्त्याच्या कडेला चुन्याची खूण करा, म्हणजे परवाच्या फेरीत तोच साप पुन्हा मोजला जाणार नाही.

दुचाकीवरून बेडूक, सरडे, छोटे साप बरेच सुटतात. किती सुटतात ते कळायला दर फेरीत त्या पट्ट्यातला कोणताही एक किलोमीटर पायी चाला आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. अहवालात हे लिहिलं की वाचणारा तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. मृत प्राणी उचलू नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतल्या (संरक्षित प्राण्यांच्या यादीतल्या) मेलेल्या प्राण्यावरही कलम ३९ नुसार शासनाचीच मालकी असते, कवटी किंवा नखं 'कॉलेजच्या म्युझियमसाठी' आणली तरी गुन्हा होतो. बिबट्यासारखं मोठं जनावर दिसलं तर आरएफओंना किंवा १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला कळवायचं, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही.

या कामाचा उपयोग होतो हे मुलांना दाखवायचं असेल तर एकदा पेंचच्या महामार्ग ४४ वर घेऊन जा. तिथे रस्त्याखाली प्राण्यांसाठी बांधलेल्या मार्गांतून वाघ, रानकुत्री जातात, ते कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. कुठे बांधायचं हे ठरवायला प्राणी कुठून ओलांडतात याची माहिती लागते. वीस किलोमीटरच्या पट्ट्यात मृत्यू कुठल्या दोन-तीन ठिकाणी एकवटलेत, एवढं सांगणारा नकाशा तुमच्या विद्यार्थ्याने बांधकाम विभागाला दिला तर तो प्रकल्प सार्थकी लागला.

वर्षभरासाठी आलेल्यांना कॅमेरा ट्रॅपवर बसवाल, तेव्हा पहिल्या दिवशी लेन्ससमोर पाटी धरायला शिकवा, का ते पुढे येतं. कॅमेरा समोरासमोर दोन असतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे. जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर, एकमेकांच्या अगदी नाकासमोर नको, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. तोंड थेट पूर्व-पश्चिम असेल तर ऊन लेन्समध्ये जातं. समोरचं गवत साफ नसेल तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो निघतात आणि कार्ड भरतं. हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट घात करते, ती म्हणजे घड्याळ. सेल काढले की काही कॅमेरे तारीख विसरतात आणि कारखान्यातल्या तारखेवर परत जातात. दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळली नाही तर डावी कूस आणि उजवी कूस एकाच वाघाची हे ठरवता येत नाही. म्हणून कॅमेरा सुरू करताना आणि काढताना लेन्ससमोर पाटी धरायची: जागेचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, मनगटावरच्या घड्याळातली वेळ. घड्याळ चुकलं तरी पाटीवरून दुरुस्ती होते. कार्ड दोन ठिकाणी उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅट नाही, मूळ फाइलींची नावं बदलायची नाहीत.

कॅमेऱ्यात माणसंही येतात. सरपण आणायला, शौचाला निघालेल्या गावातल्या बायका असतात. ते फोटो कोण पाहणार आणि कधी पुसणार याचा नियम लेखी करा. एक फोटो बाहेर गेला तर गावात तुमच्या मुलांना पाणीही कोणी विचारणार नाही, आणि ते योग्यच होईल.

वनरक्षकांशी कसं वागायचं ते शिकवायला विसरू नका. बीट (गस्तीचं ठरलेलं क्षेत्र) त्यांचं आहे. कोणत्या नाल्यात उन्हाळ्यातही पाणी राहतं हे त्यांनाच माहीत असतं, आणि अहवालाच्या आभारात त्यांचं नाव सहसा नसतं. संरक्षण कुटीत थांबायचं असेल तर तांदूळ-तेल-भाजी आपली घेऊन जायची.

संगणकाची तयारी आठवड्याला दोन तास ठेवा, पावसाळ्यात जास्त. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पण त्याच्याही आधी साधी एक्सेल शीट शिकवा: एका ओळीत एकच नोंद, एका रकान्यात एकच माहिती, तारखेचा एकच साचा, आणि चितळ कधी 'चितळ' तर कधी 'स्पॉटेड डिअर' असं नको. नकाशा करण्यापेक्षा हे रटाळ आहे, पण सहा महिन्यांचा डेटा वाया जातो तो इथेच.

नाव कोणाचं? माझा नियम कडक आहे: ज्याने आखणी, नोंदी आणि लिखाण यांतल्या दोन गोष्टी मनापासून केल्या त्याचं नाव लेखकांत असलंच पाहिजे. क्रम काम सुरू होण्याआधी ठरवा. डेटा संस्थेचा राहील, पण मुलाने स्वतः गोळा केलेला भाग त्याला प्रबंधात वापरता येईल, हे वर सांगितलेल्या त्या एका पानावर असू द्या. दुर्मीळ प्राण्याची घरटी-गुहा यांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र कोणीही जाहीर करायचे नाहीत.

पुढच्या वाटांबद्दल थोडंसं. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथल्या वन्यजीव विषयातल्या एम.एस्सी. सगळ्यांना माहीत असतात, जागा मोजक्या. पुण्यात भारती विद्यापीठाचा वन्यजीव संवर्धनाचा आणि गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा असे अभ्यासक्रम आहेत, मुंबईत बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) प्रमाणपत्र वर्ग. प्रत्येकाने सरकारी परीक्षेचा विचार करावा असं नाही, पण बी.ए. झालेल्या मुलाला भारतीय वनसेवेचा अर्ज सहसा करताच येत नाही, त्यासाठी ठरावीक विज्ञान विषय, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते; हे त्याला तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा बारावीत कळलेलं बरं. बेंगळुरूला २०१० पासून भरणाऱ्या विद्यार्थी संवर्धन परिषदेला वर्षातून एकाला तरी पोस्टर घेऊन पाठवा, तिकिटाचे पैसे संस्थेने द्यावेत. इंग्रजीची भीती असेल तर पोस्टरपुढे उभं राहून बोलायचा सराव कॅम्पवरच, गाइड आणि स्वयंपाक्यासमोर मराठीत करून घ्या. मराठीत मुद्दा सुटसुटीत झाला की इंग्रजी शब्द सापडतात.

शिफारसपत्र मागायला मुलं कचरतात आणि शेवटच्या दिवशी येतात. तुम्हीच दर सहा महिन्यांनी त्याने काय केलं याच्या चार ओळी लिहून ठेवा. 'मेहनती व होतकरू' असं पत्र परदेशी विद्यापीठात किंवा निधी समितीत कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. '४० ठिकाणचे कॅमेरे सात महिने एकट्याने सांभाळले, घड्याळाच्या चुका शोधून दुरुस्त केल्या, गावातल्या दोन मुलांना प्रजाती ओळखायला शिकवलं' असं पत्र वाचलं जातं. मुलगा जाणार असेल तर जाण्याआधीचे दोन आठवडे फक्त हस्तांतरासाठी ठेवा: कॅमेऱ्यांची यादी, चाव्या, गावांतल्या संपर्कांचे नंबर आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी. शेवटचं मानधन, अनुभव प्रमाणपत्र आणि त्याच्या डेटाची प्रत त्याच आठवड्यात त्याच्या हातात द्या, अहवाल पूर्ण होईपर्यंत ती अडवून ठेवू नका.